हौशी बिनतारी केंद्राचा परवाना : तो कसा मिळवावा, कसा जपावा

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांतील वीजपुरवठा खंडित झाला. त्याच वर्षी २३ जुलै रोजी सत्तरी, डिचोली या भागांत नद्यांचे पाणी घराघरांत शिरले. अशा प्रसंगी संकटाचा क्रम बहुधा सारखाच असतो. प्रथम वीज जाते. काही वेळाने भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांना आधार देणाऱ्या बॅटऱ्या संपतात. रस्ते बंद झाल्याने माणूसही निरोप घेऊन जाऊ शकत नाही. गावात किती लोक अडकले आहेत, कोणाला औषध हवे आहे, कोठे होडी पाठवावयाची, हे तालुक्याच्या ठिकाणी कळणे ज्या घटकेला सर्वांत आवश्यक असते, त्याच घटकेला सर्व साधने मुकी होतात.

या घटकेला उपयोगी पडणारे एक साधे, जुने आणि खात्रीचे साधन म्हणजे हौशी बिनतारी केंद्र. लोक त्याला ‘हॅम रेडिओ’ या नावाने ओळखतात. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, एक संच आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तांब्याची तार एवढ्या सामग्रीवर दूरच्या शहराशी बोलता येते. मध्ये कोणताही मनोरा अथवा केबल लागत नाही.

मात्र हे केंद्र संकटाच्या दिवशी बाजारातून आणून सुरू करता येत नाही. त्यासाठी आधी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो आणि हात व कान सरावाचे करावे लागतात. यास काही महिने लागतात. म्हणून ज्याला हे साधन हवे असेल त्याने तयारीस शांततेच्या काळातच लागले पाहिजे. परवाना कसा मिळवावा आणि मिळाल्यावर तो कसा जपावा, याची माहिती विद्यार्थी, शिक्षक, पंचायतींचे कार्यकर्ते व अधिकारी यांच्यासाठी येथे दिली आहे.

हौशी केंद्र म्हणजे काय?

नभोवाणी केंद्र आणि हौशी बिनतारी केंद्र यांत मूलभूत फरक आहे. नभोवाणी एका ठिकाणाहून सर्वांना उद्देशून बोलते. श्रोत्याला उत्तर देता येत नाही. गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९५५ ते १९६१ या वर्षांत, वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, हे गोमंतकीयांना ठाऊकच आहे. ते जनतेला जागे करणारे प्रसारण होते. हौशी केंद्राचे कार्य याहून वेगळे आहे. येथे एक परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाशी बोलतो आणि त्याचे उत्तर ऐकतो. त्याला गाणी, बातम्या अथवा मनोरंजनाचे कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. त्यातून धंदा करता येत नाही आणि निरोपाचा मोबदलाही घेता येत नाही. स्वतः शिकणे, प्रयोग करणे, इतर हौशी चालकांशी संपर्क ठेवणे आणि आपत्तीत मदत करणे हे या सेवेचे प्रयोजन आहे. ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ येथे ‘अर्धवट शिकलेला’ असा नसून ‘मोबदल्याविना काम करणारा’ असा आहे.

हौशी चालकांसाठी काही लहरपट्टे राखून ठेवलेले आहेत. सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा चाळीस मीटरचा पट्टा, चौदा मेगाहर्ट्झचा वीस मीटरचा पट्टा आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा दोन मीटरचा पट्टा हे त्यांपैकी विशेष वापरात असलेले होत. पहिल्या दोन पट्ट्यांतील लहरी वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन पुन्हा जमिनीवर येतात. त्यामुळे डोंगराआडच्या गावापासून परदेशापर्यंत बोलणे होऊ शकते. दोन मीटरच्या लहरी मात्र बहुधा सरळ रेषेत जातात. त्या गावागावांतील जवळच्या संपर्कास सोयीच्या असतात, पण मध्ये डोंगर आला की अडतात. कोणत्या कामाला कोणता पट्टा घ्यावा हे ओळखणे हाच या विद्येचा पहिला धडा आहे.

या छंदाची भारतातील वाटचाल

भारतात या छंदाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये मिळालेला परवाना भारतातील हौशी केंद्रांच्या इतिहासाचा आरंभ मानला जातो. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ‘ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था इंदूरजवळच्या महू येथे, लष्कराच्या संदेशवहन विद्यालयात स्थापन झाली. माळव्यातील मराठी वाचकांना आपल्या परिसरातील ही घटना माहीत असावी. पुढे १९८३ मध्ये हैदराबाद येथे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ’ ही संस्था सुरू झाली. तिने प्रशिक्षणाबरोबरच आपत्तीकालीन संदेशवहनाचे काम अंगावर घेतले.

या कामाचे मोल २६ डिसेंबर २००४ रोजी देशाला दिसले. हैदराबादच्या या संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली त्या महिन्यात अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. अंदमान बेटांवरून हौशी केंद्र चालविण्याची परवानगी अनेक वर्षांनी मिळाली होती. भूकंप व त्सुनामी यांनी बेटांचे नेहमीचे दळणवळण विस्कळित केले, तेव्हा हेच केंद्र मुख्य भूमीशी बोलू लागले आणि बेटांवरील लोकांची खबर त्यांच्या नातलगांपर्यंत जाऊ लागली. पथकाजवळ संच होता, परवानगी होती आणि बोलण्याचा सराव होता. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट त्या सकाळी मिळवावयाची राहिली असती, तर उपयोग झाला नसता.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ हा हौशी चालकांसाठीचा लहान उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. त्याने २०१४ पर्यंत काम केले. या उपग्रहामार्फत अनेक विद्यार्थ्यांनी साध्या साधनांनी पहिला संपर्क साधला.

परवाना कशासाठी?

विहिरीच्या किंवा बांधाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. एकाने आपल्या मनाने पाट फोडला तर खालच्या शेतकऱ्याचे वाफे कोरडे राहतात. लहरींचेही असेच आहे. विमाने, जहाजे, पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका, दूरध्वनी या सर्वांना वेगवेगळे पट्टे वाटून दिलेले आहेत. एखाद्याने अज्ञानाने भलत्याच पट्ट्यात प्रक्षेपण केले, तर विमानतळाचे अथवा मच्छीमारांना इशारा देणाऱ्या केंद्राचे बोलणे बुडू शकते. म्हणून प्रक्षेपण करणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे कळते, याची खात्री शासन आधी करून घेते.

या विषयाचे नियमन दीर्घकाळ १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तार अधिनियम यांनुसार झाले. हौशी सेवेसाठी १९७८ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले व त्यांत पुढे दुरुस्त्या झाल्या. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला व २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा आहे. राज्य सरकार, जिल्हाधिकारी कार्यालय अथवा पंचायत हा परवाना देत नाही.

अलीकडे हातात मावणारे स्वस्त संच ऑनलाइन सहज मिळू लागले आहेत. लग्नसमारंभ, जत्रा, शेतमळे, बांधकामे अशा ठिकाणी ते विनापरवाना वापरले जातात. विक्रीला आहे म्हणून वापरास मुभा आहे, हा समज चुकीचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये वॉकी-टॉकीच्या अशा विक्रीबद्दल ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांना १३ नोटिसा दिल्या, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानी येईल. अत्यल्प शक्तीच्या काही उपकरणांना परवान्यातून सूट आहे. पण हौशी पट्ट्यांत बोलणारा संच त्या सुटीत बसत नाही. म्हणून आधी परवाना व नंतर संच हाच क्रम पाळावा.

परीक्षा व तिचे दोन प्रकार

परवान्याची पहिली पायरी म्हणजे हौशी केंद्रचालकाचे प्रमाणपत्र. ते परीक्षेने मिळते. परीक्षार्थी किमान बारा वर्षे वयाचा असावा लागतो, म्हणजे सातवी-आठवीतील विद्यार्थीही बसू शकतो. विज्ञान शाखेची पदवी अथवा अभियांत्रिकीचे शिक्षण यांची अट नाही. शेतकरी, गृहिणी, शिंपी, शिक्षक, कोणीही ही परीक्षा देऊ शकतो.

सध्याच्या रचनेत दोन श्रेणी आहेत. मर्यादित श्रेणीसाठी केवळ लेखी परीक्षा असते. साधारण श्रेणीसाठी लेखी परीक्षेबरोबर मोर्स संकेत मिनिटाला आठ शब्द या वेगाने पाठविता व घेता यावे लागतात. पाच अक्षरांचा एक शब्द धरला जातो, म्हणजे मिनिटाला चाळीस अक्षरे झाली. साधारण श्रेणीच्या परवान्यावर अधिक शक्ती व अधिक सवलती मिळतात. भारतीय केंद्रांची नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. साधारण श्रेणीच्या केंद्राला त्यापुढे दोनचा आणि मर्यादित श्रेणीच्या केंद्राला तीनचा आकडा मिळतो. मोर्सची सक्ती आंतरराष्ट्रीय नियमांतून २००३ मध्ये निघाली, तरी ज्याला क्षीण लहरींतूनही निरोप काढावयाचा आहे त्याला हे संकेत आजही उपयोगी पडतात. बोलणे खरखरीत बुडून जाते तेथे ‘डा’ व ‘डिट’ ऐकू येतात.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला भाग तंत्राचा. त्यात वीज व चुंबकत्व यांची मूलतत्त्वे, प्रत्यावर्ती प्रवाह, अर्धवाहक, ग्राहक व प्रक्षेपक संचांची रचना, लहरींचा प्रवास, एरियल आणि वारंवारिता मोजण्याच्या पद्धती येतात. दुसरा भाग राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियमांचा. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे व एकूणही किमान गुण मिळवावे लागतात. म्हणून तंत्राची गोडी असलेल्या विद्यार्थ्याने नियमांचा भाग ‘वाचला की झाले’ असे समजून सोडू नये आणि नियम पाठ करणाऱ्याने ओहमचा नियम टाळू नये.

अभ्यासासाठी एक उदाहरण

शाळेतील विज्ञानाच्या तासाला पुढील गणित घेता येईल. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर असतो. म्हणून ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी सुमारे ४२ मीटर येते. साधे एरियल तिच्या निम्म्या लांबीचे, म्हणजे २१ मीटरचे असावे. प्रत्यक्ष तारेत ही लांबी सुमारे पाच टक्क्यांनी कमी ठेवावी लागते. तेव्हा २० मीटर तार घेऊन ती बरोबर मध्यभागी कापावी, दोन्ही तुकड्यांच्या मध्ये विद्युत्रोधक तुकडा बांधावा व तेथून केबल संचाकडे आणावी. प्रत्येक बाजूला दहा मीटर तार राहिली. चौदा मेगाहर्ट्झसाठी हीच लांबी निम्म्यावर येते. दोन माडांमध्ये दोरीने ही तार ताणली की एरियल तयार झाले. विद्यार्थ्याने हे गणित स्वतः मांडून तार स्वतः मोजली, म्हणजे परीक्षेतील एरियलचा प्रश्न त्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही.

परीक्षेपूर्वी ऐकण्याची सवय लावून घ्यावी. हौशी चालकांचे बोलणे साध्या रेडिओवर लागले तर ते बदकाच्या आवाजासारखे अस्पष्ट वाटते, कारण ते वेगळ्या पद्धतीने प्रक्षेपित केलेले असते. त्यासाठी योग्य ग्राहक संच लागतो. जवळच्या परवानाधारकाच्या केंद्रावर बसून काही संध्याकाळी नुसते ऐकले, तरी केंद्राचे नाव कसे सांगतात, अक्षरे ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ अशा शब्दांनी कशी स्पष्ट करतात आणि दोघे एकाच वेळी बोलू लागले तर एकजण कसा थांबतो, हे सारे कळते.

अर्ज कसा करावा?

परीक्षेचा व परवान्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर भरावयाचा असतो. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी शाळेतील शिक्षकांची अथवा नागरी सेवा केंद्राची मदत घ्यावी. अर्जापूर्वी छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेचा दाखला, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा ही कागदपत्रे तयार ठेवावीत. सर्व कागदांवर नाव एकाच प्रकारे लिहिलेले आहे ना, हे आधी पाहावे. एका कागदावर वडिलांचे नाव आहे व दुसऱ्यावर नाही, एकावर वाड्याचे नाव आहे व दुसऱ्यावर केवळ गावाचे, अशा क्षुल्लक तफावतींमुळे अर्ज रेंगाळतात. अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती जोडावी.

परीक्षा विभागाच्या बिनतारी संनियंत्रण केंद्रांमार्फत घेतल्या जातात. गोवा, मुंबई, नागपूर, हैदराबाद व भोपाळ येथे अशी केंद्रे आहेत. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. येथे अनेकांची गफलत होते. प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. प्रमाणपत्र हा ज्ञानाचा दाखला आहे. केंद्र उभारण्याची व प्रक्षेपणाची मुभा परवान्याने मिळते आणि त्यासाठी वेगळा अर्ज व वेगळे शुल्क असते. परवाना वीस वर्षांच्या मुदतीचा किंवा आजीव घेता येतो. त्यात केंद्राचे नाव, श्रेणी व पत्ता नमूद असतो. शुल्क, परीक्षेच्या तारखा व कागदपत्रांची यादी बदलत असते. त्यामुळे ऐकीव माहितीवर न विसंबता अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरील सूचना वाचाव्यात.

केंद्र उभारताना

परवाना हाती आल्यावर संच घ्यावा व खरेदीची पावती परवान्याबरोबर जपून ठेवावी. परदेशातून संच आणावयाचा असल्यास आयातीचे नियम आधी पाहावेत. एरियलची तार विजेच्या तारांवरून वा खालून कधीही नेऊ नये. वाऱ्याने तार तुटून विजेच्या तारेवर पडली तर जीव जाण्याचा धोका असतो. संचाला स्वतंत्र अर्थिंग असावे. कोकण-गोव्यात मे महिन्याच्या अखेरीस व पुन्हा परतीच्या पावसात विजांचा कडकडाट होतो. त्या दिवसांत काम संपताच एरियलची केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. शेजाऱ्याच्या दूरदर्शन संचावर अथवा ध्वनिवर्धकावर आपला आवाज येऊ लागला, तर वाद न घालता प्रक्षेपण थांबवावे, शक्ती कमी करून पाहावी व दोष दूर करावा. नियमही हेच सांगतात आणि शेजारधर्मही.

परवाना जपणे

परवाना मिळविणे हे कार्याचे अर्धे अंग झाले. उरलेले अर्धे तो जिवंत ठेवण्यात आहे. पुढील गोष्टी नित्य पाळाव्यात.

१. केंद्राचे नाव : प्रत्येक संभाषणाच्या आरंभी व अखेरीस आपल्या केंद्राचे नाव स्पष्ट सांगावे. बोलणे लांबले तर दर दहा मिनिटांनी ते पुन्हा सांगावे. दुसऱ्याचे नाव वापरणे अथवा नावाशिवाय बोलणे हा गंभीर दोष होय.

२. नोंदवही : संभाषणांची नोंद बांधीव वहीत, तारीखवार करावी. सुट्या कागदांवर करू नये. तारीख, भारतीय प्रमाणवेळ, वारंवारिता, बोलण्याची पद्धत, ज्याच्याशी बोललो त्या केंद्राचे नाव व विषयाचा सारांश एवढे रकाने पुरेत. शेवटच्या नोंदीनंतर ही वही किमान एक वर्ष सांभाळावी. तपासणीस येणारा अधिकारी प्रथम हीच वही मागतो. नोंदवही हा चालकाचा खरेपणाचा पुरावा आहे. आपल्या केंद्रावरून अमुक वेळी गैर प्रक्षेपण झाले अशी तक्रार आली, तर नियमित वहीच त्याच्या बाजूने बोलते.

३. भाषा व विषय : साध्या, उघड भाषेत बोलावे. गुप्त संकेत वापरू नयेत. व्यापारी व्यवहार, प्रचार, अश्लील वा खोटे बोलणे वर्ज्य आहे. विनापरवाना केंद्राने हाक दिली तर तिला उत्तर देऊ नये.

४. पत्ता : केंद्र एका घरातून दुसऱ्या घरी हलविले तर परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी. आजीव परवाना घेतलेल्यांचे याकडे अधिक दुर्लक्ष होते, कारण नूतनीकरणासाठी कार्यालयाशी संबंध येत नाही. बदली होणारे शिक्षक व कर्मचारी यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. मुदत : मुदतीच्या परवान्याची अखेरची तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी व ती येण्याच्या पुरेशी आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. मुदत संपल्यावर प्रक्षेपण करणे म्हणजे विनापरवाना प्रक्षेपण करणे होय. वीस वर्षांचा काळ मोठा वाटतो. पण बाराव्या वर्षी परवाना घेतलेला मुलगा बत्तिसाव्या वर्षी संसारात गुंतलेला असतो आणि तारीख निघून जाते.

६. संचाचे हस्तांतर : संच विकावयाचा अथवा द्यावयाचा असेल तर तो परवानाधारकासच द्यावा. चालक मृत्यू पावला तर घरच्यांनी संच भंगारात अथवा अनोळखी माणसास देऊ नये. परवाना वारसाहक्काने चालत नाही.

आपत्तीच्या वेळी

एरवी हौशी केंद्राला त्रयस्थ माणसाचा निरोप पोचविण्यास मनाई आहे. नैसर्गिक आपत्तीत नेहमीची साधने बंद पडली असता मात्र नियमांनी ही मुभा दिली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांसारख्या जबाबदार अधिकाऱ्यांचे निरोप स्वीकारता व पोचविता येतात. ही तरतूद अधिकाऱ्यांनी माहीत करून घेणे अगत्याचे आहे. अन्यथा चालक मदतीस तयार असतो आणि निरोप देणारे कोणी नसते, असे होते.

निरोप घेताना तो लिहून घ्यावा : क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला व मजकूर. मजकूर थोडक्यात असावा. ‘येथे परिस्थिती फार बिकट आहे’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘शाळेच्या इमारतीत ४० माणसे, त्यांत दोन आजारी, पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत, होडी हवी’ असे सांगितले की निर्णय घेता येतो. ऐकणाऱ्याने मजकूर परत वाचून दाखवावा व पाठविणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच तो पोचला असे समजावे. चालकाने निरोपात आपली भर घालू नये आणि ऐकलेली अफवा निरोप म्हणून पुढे पाठवू नये. एका चुकीच्या निरोपामुळे होडी भलत्या वाड्याकडे गेली, तर खऱ्या वाड्यावरची माणसे खोळंबतात.

शाळा, पंचायती व अधिकारी यांनी काय करावे?

शाळा, महाविद्यालये व क्लब यांनाही हौशी केंद्राचा परवाना मिळू शकतो. मात्र त्या केंद्राची जबाबदारी परवानाधारक व्यक्तीकडे असावी लागते. एखाद्या विज्ञान शिक्षकाने परीक्षा दिली, तर त्याच्या देखरेखीखाली पुढे दरवर्षी काही विद्यार्थी तयार होऊ शकतील. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत परवानाधारक कोण आहेत याची माहिती ठेवावी. मामलेदार व आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी यांनी तालुक्यातील अशा चालकांची यादी करून पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, एक सराव घ्यावा. त्या दिवशी वीज व भ्रमणध्वनी नाहीत असे समजून प्रत्येक चालकाने आपल्या गावातून बॅटरीवर एक निरोप तालुक्याला पोचवावा. कोणत्या डोंगराआडून आवाज येत नाही, कोणाची बॅटरी टिकत नाही, कोणाचा पत्ता बदलला आहे, हे सारे त्या एका सकाळी कळेल व पुरापूर्वी दुरुस्त करता येईल.

वादळ येण्याची सूचना आता काही दिवस आधी मिळते. परीक्षेचा अभ्यास, अर्ज व परवाना यांना मात्र महिने लागतात. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी सर्वांचे परवाने होणार नाहीत. पण आज ज्याने अर्ज भरला त्याचे नाव पुढील वर्षीच्या यादीत असेल. ज्यांच्या घरी जुना परवाना कपाटात पडून आहे, त्यांनी तो आजच काढून त्यावरील पत्ता व तारीख वाचावी.